दुखणं वॉर्डाचं

१९८२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो काउंटीत तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या सदस्य डॉक्टरांना एक प्रश्नावली गेली. त्यातले दोन प्रश्न असे होते. गुणवत्तेत कुठेच कमी नसलेला, पण समलिंगी असलेला उमेदवार वैद्यकीय महाविद्यालयात घ्यावा का? आणि तुम्ही ज्या बालरोगतज्ज्ञाकडे मुलं पाठवता तो समलिंगी आहे असं कळलं, तर पाठवत राहाल का? प्रवेश नाकारावा असं दहातल्या तिघांनी सांगितलं. बालरोगतज्ज्ञाच्या बाबतीत तर जवळजवळ निम्म्यांनी हात आखडता घेतला. १९९९ मध्ये त्याच काउंटीत हेच पुन्हा विचारलं, तेव्हा प्रवेश नाकारणारे ४ टक्क्यांवर आले होते आणि रेफरल तोडणारे ९ टक्क्यांवर.

सतरा वर्षांत एवढा फरक पडला ही आनंदाचीच गोष्ट. पण पहिल्या पाहणीच्या वेळी जे डॉक्टर पस्तिशी-चाळिशीत होते ते दुसरीच्या वेळी कुठे होते, हेही बघायला हवं. ते निवृत्त झाले नव्हते. उलट ज्येष्ठ झाले होते. वैद्यकीय पेशा ज्येष्ठतेवर चालतो. समाजाचं मत बदलायला एक पिढी लागत असेल, तर हॉस्पिटलच्या उतरंडीत जुनं मत आणखी एक पिढी वरच्या खुर्चीत बसून राहतं. या विषयावरचे पुढचे बहुतेक अहवाल वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

हा आढावा लेस्बियन, गे आणि उभयलिंगी डॉक्टरांना कामाच्या जागी मिळणाऱ्या वागणुकीचा आणि त्यांच्या मनःस्वास्थ्याचा आहे. ट्रान्सजेंडर डॉक्टरांचा प्रश्न याला लागून असला, तरी त्याचे कायदे वेगळे आणि अडचणीही वेगळ्या. त्याला स्वतंत्र लेख हवा. पुरावा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आणि थोडा कॅनडातला आहे, कारण मोजणी तिथे झाली. ती सगळी एकत्र ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळक दिसते. या डॉक्टरांच्या वाट्याला जे जादा नैराश्य येतं, जे आत्महत्येचे विचार येतात, त्यांचं मूळ त्यांच्या लैंगिक कलात सापडत नाही. ते सापडतं ज्या वॉर्डात ते उभे असतात तिथल्या वागणुकीत. हे ऐकायला साधं वाटतं, पण वैद्यकशास्त्राने कित्येक दशकं नेमकं याच्या उलट शिकवलं.

आणि इथेच या डॉक्टरांची गोष्ट इतर नोकरदारांपेक्षा वेगळी होते. बँकेतल्या समलिंगी कारकुनाला त्याच्या बँकेने रोगी ठरवलं नव्हतं. डॉक्टरला त्याच्या पाठ्यपुस्तकाने ठरवलं होतं. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या १९५२ च्या पहिल्या निदानपुस्तिकेत समलैंगिकता मानसिक विकारांत मोडत होती. तेव्हा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाने आपला कल उघड करणं म्हणजे आपण ज्या विकारावर उपचार करतो त्याचेच रुग्ण आहोत, अशी लेखी कबुली देण्यासारखं होतं. मग रुग्ण कोण पाठवणार आणि नोकरी कोण देणार?

जॉन फ्रायर यांचं उदाहरण या संदर्भात नेहमी दिलं जातं, आणि ते द्यायलाच हवं. २ मे १९७२ रोजी डॅलसमध्ये या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात एक परिसंवाद होता. बार्बरा गिटिंग्ज आणि फ्रँक कॅमेनी हे कार्यकर्ते व्यासपीठावर होते. त्यांच्या जोडीला ‘डॉ. एच. अ‍ॅनॉनिमस’ या नावाने एक मानसोपचारतज्ज्ञ बसला होता. तोंडावर रबरी मुखवटा, डोक्यावर टोप, अंगात मापापेक्षा मोठा सूट, आणि आवाज बदलणारा माइक. आपण समलिंगी आहोत आणि मानसोपचारतज्ज्ञही आहोत, असं त्याने भरसभेत सांगितलं. ते फ्रायर होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रशिक्षणातून त्यांना याच कारणावरून आधीच बाहेर पडावं लागलं होतं.

या प्रसंगातला मुखवटा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त बोलकी वाटते. डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढून टाकली, पुढच्या वर्षी सदस्यांच्या मतदानात ५८ टक्क्यांनी तो निर्णय उचलून धरला. पण त्याच १९७३ मध्ये फ्रायर यांची आणखी एक नोकरी गेली. प्रशासकाने त्यांना सांगितलं त्याचा आशय असा: नुसते समलिंगी असतात तर ठेवलं असतं, नुसते भडक असतात तरी ठेवलं असतं, दोन्ही आहात म्हणून जमणार नाही. हा प्रशासक डॅलसला पहिल्या रांगेत बसलेला होता. मुखवट्याआड कोण आहे हे त्याला कळलं नव्हतं. म्हणजे व्यासपीठावर बोललं म्हणून नोकरी गेली असं झालं नाही. रोजच्या वागण्या-बोलण्यावरून गेली. फ्रायर यांनी आपलं नाव जाहीर केलं ते १९९४ मध्ये, बावीस वर्षांनी.

त्याच १९९४ साली अमेरिकेतली या विषयावरची पहिली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. गे आणि लेस्बियन डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना विचारलं आणि ७११ जणांनी उत्तरं दिली. सहकारी डॉक्टर समलिंगी रुग्णांबद्दल हिणकस बोलतात, हे ८८ टक्क्यांनी कानांनी ऐकलेलं होतं. अशा रुग्णांना कमी प्रतीची सेवा देताना किंवा ती नाकारताना सहकाऱ्यांना आपण पाहिलंय, असं निम्म्याहून अधिक डॉक्टर म्हणाले. स्वतःला नोकरी, प्रवेश किंवा रेफरल नाकारले गेल्याचं साधारण सहातला एक सांगत होता.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत ४२७ डॉक्टर होते. सहकाऱ्यांनी रेफरल बंद केल्याचं सांगणारे आता १० टक्के, छळ झाल्याचं सांगणारे १५ टक्के, वाळीत टाकल्यासारखं वागवलं जातं असं म्हणणारे २२ टक्के. हिणकस बोलणं ऐकलेले मात्र अजूनही ६५ टक्के होते. या दोन पाहण्यांची सरळ तुलना करता येत नाही, प्रश्न आणि नमुना दोन्ही वेगळे. तरी कल समजतो. दारातून हाकलून देणं कमी झालं. दाराच्या आत घेऊन टोमणे मारणं त्या मानाने फारसं कमी झालं नाही.

ब्रिटनमधली गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे २००३ पासून नोकरीत लैंगिक कलावरून भेदभाव करणं बेकायदा आहे आणि बहुतेक डॉक्टर एकाच सरकारी आरोग्यसेवेत काम करतात. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन आणि तिथली समलिंगी डॉक्टर व दंतवैद्यांची संघटना यांनी मिळून २०१६ मध्ये ८०० हून थोड्या अधिक जणांची पाहणी प्रसिद्ध केली. गेल्या दोन वर्षांत आपल्या कलामुळे काही ना काही सोसावं लागलं, असं ७० टक्क्यांहून अधिक लोक म्हणाले. वर्तमानपत्रांत हाच आकडा मथळ्यात गेला. पण यात काय काय धरलं होतं? धमकी, शिवीगाळ इथपासून ते सहकाऱ्यांपुढे घरच्या गोष्टी मोकळेपणाने बोलता न येणं इथपर्यंत सगळं. थेट छळ किंवा शिवीगाळ सांगणारे साधारण १२ टक्के होते. असे दोन आकडे एकाच वाक्यात गुंफले की विरोधकाला अतिशयोक्तीचा आरोप करायला जागा मिळते. खरं तर या दोन आकड्यांमधलं जे मोठं अंतर आहे, तोच या प्रश्नाचा गाभा आहे. बहुतेकांना कोणी मारत नाही की शिव्या देत नाही. बहुतेकांना सतत सांभाळून राहावं लागतं.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या २०२२ च्या मोठ्या पाहणीतही विषमलिंगी नसलेल्या डॉक्टरांपैकी पाचातल्या दोघांहून अधिक जणांनी दोन वर्षांत किमान एकदा कलावरून त्रास झाल्याचं नोंदवलं. तक्रार मात्र बहुतेकांनी केलीच नाही. कायदा होता, तक्रारीची खिडकी होती, पण तिच्यापलीकडे बसलेला माणूस ओळखीचा होता आणि उद्या त्याच्याच हाताखाली काम करायचं होतं.

रुग्णांकडून होणाऱ्या भेदभावाबद्दल फार बोललं जातं, पुरावा मात्र मोजका आहे. कॅनडातल्या एका मोठ्या शहरात नागरिकांना फोनवरून विचारलं, त्याचा अहवाल १९९८ मध्ये आला. समलिंगी किंवा उभयलिंगी फॅमिली डॉक्टरकडे जाणार नाही, असं सुमारे १२ टक्के म्हणाले. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपला डॉक्टर समलिंगी आहे असं कळलं तर डॉक्टर बदलू, असं ३० टक्के म्हणाले. दवाखान्यात असा कोणी नोकरीला आहे एवढं कळलं तरी तो दवाखानाच सोडू, असं म्हणणारे ३५ टक्के निघाले! फोनवर किंवा कागदावर दिलेलं उत्तर आणि तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन रात्री अकराला केलेली डॉक्टरची निवड यांत फरक असतोच. तरी खासगी प्रॅक्टिस करणाऱ्याने हे आकडे वाचले तर तो तोंड मिटून का बसतो, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता मनाकडे वळू. १९९० नंतर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळल्यानंतर, संशोधकांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. समलिंगी लोकांत नैराश्य आणि चिंताविकार जास्त आढळतात हे तर दिसत होतं. जुनं शास्त्र म्हणायचं की हा त्या कलाचाच भाग आहे. मानसशास्त्रज्ञ इलान मायर यांनी २००३ मध्ये मांडलेला अल्पसंख्याकांच्या ताणाचा सिद्धांत या जागी आला. त्यांच्या मते दोन प्रकारचे ताण एकावर एक चढतात. एक बाहेरचा: अपमान, नकार, हिंसा. दुसरा आतला: अपमान आत्ता होईल की मग होईल अशी सततची धास्ती, लपवाछपवी, आणि समाजाने आपल्याबद्दल केलेलं मत नकळत स्वतःचंही होऊन बसणं.

डॉक्टरांच्या बाबतीत हा आतला ताण कसा चालतो, हे रेसिडेन्सीचं, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाचं, वेळापत्रक पाहिल्यावर कळतं. छत्तीस तासांची ड्यूटी, एकच ड्यूटी रूम, एकत्र जेवण, एकत्र झोप. ऑपरेशन टेबलाभोवती चार-सहा तास तीच माणसं. तिथल्या गप्पा घरसंसाराच्याच असतात, आणि सर्जनने विनोद केला की हसावं लागतं. हात निर्जंतुक करून उभ्या असलेल्या ज्युनिअरला बाहेर निघून जायची सोय नसते. ऑफिसातला माणूस निदान चहाला उठू शकतो.

अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची मोजणी आता भरपूर झाली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या वर्षाचे साडेचार हजारांहून अधिक विद्यार्थी होते, त्यांतले सुमारे ५ टक्के समलिंगी किंवा उभयलिंगी. त्यांच्यात नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं इतरांपेक्षा जास्त होती. छळ अनुभवलेले २३ टक्क्यांच्या आसपास, बाकीच्यांत १३. एकटेपणा सांगणारे ५४ टक्के, बाकीच्यांत ४३. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला एकटं वाटणं हा जवळजवळ अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि त्यावरही यांचा एकटेपणा चढा निघाला. त्याच वर्षीच्या आणखी एका पाहणीत समलिंगी व उभयलिंगी विद्यार्थ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश महाविद्यालयात उघडपणे वावरत होते. लपवणाऱ्यांनी दिलेली कारणं अशी: हा माझा खासगी मामला आहे, आणि भेदभावाची भीती वाटते. माझ्या मते ही दोन कारणं अनेकदा एकाच गोष्टीची दोन रूपं असतात. विषमलिंगी सहाध्यायाला साखरपुड्याचे फोटो दाखवताना हा माझा खासगी मामला आहे, असं कधी वाटत नाही.

बाकीचे विद्यार्थी काय विचार करतात? पहिल्या वर्षाच्या ४,४४१ विषमलिंगी विद्यार्थ्यांपैकी ४६ टक्क्यांनी समलिंगी व्यक्तींबद्दलचा थोडाफार पूर्वग्रह स्वतःच कबूल केला. न बोललेला, चाचणीतून उघड होणारा पूर्वग्रह धरला तर संख्या ८२ टक्क्यांवर गेली. ज्यांचा समलिंगी व्यक्तींशी चांगला संबंध आलेला होता त्यांच्यात पूर्वग्रह कमी होता.

कोणत्या विषयात कोण जातो, यावरही याचा परिणाम दिसतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं की ज्या शाखेची प्रतिष्ठा जास्त, तिच्यात लैंगिक अल्पसंख्याकांचं प्रमाण कमी. मानसोपचार, फॅमिली मेडिसिन या शाखा त्यांना आपल्याशा वाटतात. ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी, जनरल सर्जरी परक्या वाटतात. ज्या शाखेने त्यांना विकारग्रस्त ठरवलं होतं तीच पन्नास वर्षांत सर्वांत सुरक्षित वाटू लागली, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. आणि जो मुलगा उत्तम सर्जन झाला असता तो शाखा निवडतानाच बाजूला होतो, ते कुठल्याही भेदभावाच्या तक्रारीत येत नाही.

या सगळ्या अभ्यासांत एक अभ्यास मी सर्वांत वर ठेवेन. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जनरल सर्जरीच्या जवळजवळ सगळ्याच रेसिडेंटना वार्षिक परीक्षेच्या शेवटी एक पाहणी दिली गेली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘जामा सर्जरी’त आले. संघटनेच्या सदस्यांना विचारलं की त्रास झालेले लोकच उत्तर देतात, हा आधीच्या पाहण्यांवरचा रास्त आक्षेप होता. इथे तो बराचसा गळून पडतो. स्वतःला लैंगिक अल्पसंख्याक म्हणवणारे सुमारे ५ टक्के होते. भेदभाव सांगणारे त्यांच्यात ५९ टक्के, इतरांत ४३. लैंगिक छळ ४७ विरुद्ध २९. दादागिरी ७५ विरुद्ध ६७. त्रास देणाऱ्यांत सर्वांत वर होते ज्येष्ठ सर्जन. सॅन डिएगोची उतरंड इथे पुन्हा भेटते.

आणि मन? कामाने येणारा थकवा दोन्ही गटांत सारखाच निघाला; सर्जरीची रेसिडेन्सी सगळ्यांनाच पिळून काढते. पण प्रशिक्षण सोडून द्यावंसं वाटणं आणि आत्महत्येचे विचार येणं, या दोन्हींची शक्यता लैंगिक अल्पसंख्याक रेसिडेंटमध्ये जवळजवळ दुप्पट होती. मग संशोधकांनी गणितात मिळालेली वाईट वागणूक हा घटक धरला. सारखीच वागणूक मिळालेले समलिंगी आणि विषमलिंगी रेसिडेंट समोरासमोर ठेवले, तेव्हा आत्महत्येच्या विचारांमधला तो ठोस फरक उरला नाही. एका वेळच्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. तरी जुन्या पाठ्यपुस्तकाच्या बाजूने उभं राहायला या आकड्यांत जागा नाही.

पुराव्यात त्रुटी आहेत, त्यातली एक मोठी. जवळजवळ सगळे अभ्यास गे, लेस्बियन आणि उभयलिंगी यांची मोट बांधतात. उभयलिंगी डॉक्टर कामाच्या जागी सर्वांत कमी उघड असतात. विषमलिंगी लग्न केलं असेल तर त्यांना कोणी विचारतही नाही, आणि समलिंगी वर्तुळातही त्यांच्याकडे अर्धवट म्हणून पाहिलं जातं. सर्वसाधारण लोकसंख्येत त्यांचं मनःस्वास्थ्य समलिंगी व्यक्तींपेक्षाही खालावलेलं आढळतं. लेस्बियन डॉक्टरांच्या वाट्याला आलेल्या त्रासातला किती कलामुळे आणि किती बाई असल्यामुळे, हेही या एकत्र आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

भारतात या विषयावर अमेरिकेसारखी हजारोंची मोजणी नाही. पण इथल्या डॉक्टरच्या वाटेवर काय काय आहे हे कागदावर आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना वगळलं. त्याआधीच मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई केली होती. त्याच २०१८ मध्ये इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये चाललेल्या प्रकरणातून पुढचं घडलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला पाठ्यपुस्तकांतल्या अपमानकारक मजकुराबद्दल महाविद्यालयांना सूचना द्यावी लागली, आणि २०२२ मध्ये कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरलं.

पण ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस याच आयोगाच्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात, न्यायवैद्यकाच्या भागात, समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’मध्ये येऊन बसले. टीका झाली आणि ५ सप्टेंबरला तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला. कोणीतरी जुना मजकूर उचलून चिकटवला असेल, असं म्हणून सोडून देता येईल. पण न्यायालयाच्या निकालाला सहा वर्षं होऊनही तो मजकूर वाचणाऱ्या तज्ज्ञांपैकी कोणालाच खटकला नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तो मजकूर ऐकणाऱ्या मुलांत काही स्वतः समलिंगी असतात. बदल होऊ शकतो याचं उदाहरण जवळच आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर कौमार्यचाचणीच्या अशास्त्रीयपणाबद्दल पाठपुरावा करत राहिले, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाने ती अभ्यासक्रमातून काढली.

महाराष्ट्रात मात्र खरी गोची अभ्यासक्रमापेक्षा लग्नात आहे. आपल्याकडे वैद्यकीय व्यवसायाचा सांगाडाच नवरा-बायकोचा आहे. तालुक्याच्या गावात बसस्टँडपासून चालत निघालात तर पाटीमागून पाटी तीच: तो सर्जन, ती गायनॅक, खाली मेडिकल स्टोअर, वर घर. भूलतज्ज्ञ बायको आणि ऑर्थोपेडिक नवरा ही जोडी तर वधू-वर सूचक मंडळात सोन्याच्या भावाने जाते. डॉक्टरला डॉक्टरच हवी, यामागे प्रेमापेक्षा हिशेब असतो. नर्सिंग होमचं कर्ज, रात्रीच्या इमर्जन्सी, रेफरल, सगळं त्या एका लग्नावर उभं असतं. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) शाखेचं वार्षिक संमेलन सहकुटुंब असतं. एमएस होऊन आलेला तिशीतला मुलगा किंवा एमडी झालेली मुलगी लग्नाला नाही म्हणते, तेव्हा ती फक्त आईबापांना नाही म्हणत नाही; व्यवसायाच्या ठरलेल्या साच्यालाच नाही म्हणते. म्हणून कितीतरी जण लग्न करून टाकतात, आणि त्या लग्नात दोन डॉक्टर भरडले जातात. उरलेले मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात किंवा परदेशात जातात.

सरकारी नोकरीतही हेच. बदलीच्या धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाला प्राधान्य आहे आणि ते योग्यच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या दोन वैद्यकीय अधिकारी मैत्रिणी पंधरा वर्षं एकत्र राहत असल्या, तरी त्यांच्या अर्जाला त्या रकान्यात जागा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही; त्या निकालाने सुचवलेली समिती पुढच्या वर्षी नेमली गेली. खासगी नोकरीत लैंगिक कलावरून होणाऱ्या भेदभावाला थेट मनाई करणारा केंद्रीय कायदाही आपल्याकडे नाही. लष्करी वैद्यकीय सेवेतल्यांची अडचण आणखी वेगळी. कलम ३७७ च्या निकालानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी सैन्यात हे चालणार नाही असं स्पष्ट केलं.

त्याच लष्कराच्या पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दिनेश भुग्रा पुढे लंडनला गेले. ते रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्सचे अध्यक्ष झाले, २०१४ ते २०१७ मध्ये वर्ल्ड सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे, आणि २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे. ते उघडपणे समलिंगी आहेत. त्यांच्या कारकिर्दीत, २०१६ मध्ये, जागतिक संघटनेने कल बदलण्याच्या उपचारांविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनला पहिला उघड समलिंगी अध्यक्ष, जेसी एरेनफेल्ड, मिळाला तो २०२३ मध्ये. अशा माणसांचा उपयोग भाषणांपुरता नसतो. पूर्वग्रह ओळखीने कमी होतो असं विद्यार्थ्यांच्या पाहणीत दिसलं, ती ओळख कोणीतरी वर पोचल्यावर सोपी होते. भुग्रा पुण्यातच राहिले असते तर कुठवर पोचले असते, हा प्रश्न आपल्याला पडायला हवा.

मदत मागायची तर कोणाकडे, हीही अडचण आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा अहवाल दिला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. हे सगळ्यांचं प्रमाण. त्यातल्या समलिंगी रेसिडेंटने जायचं ते स्वतःच्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात, जिथला लेक्चरर त्याच्याबरोबर मेसला जेवतो. छोट्या शहरात तर मानसोपचारतज्ज्ञ एकच, आणि तो आयएमएच्या त्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतो.

तक्रारीचं एक दार मात्र आपल्याकडे उघडं आहे, आणि त्याची माहिती फारच थोड्यांना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून केलेला शारीरिक-मानसिक छळ स्पष्टपणे घातला. रेसिडेंट हा कर्मचारीही असतो आणि विद्यार्थीही, त्यामुळे एमडी-एमएस होईपर्यंत हे संरक्षण त्याला मागता येतं. नंतर लेक्चरर झाला की ते संपतं. अडचण एवढीच की प्रबंधावर गाइडची सही लागते आणि परीक्षेत अंतर्गत परीक्षक आपल्याच विभागाचा असतो. २०१९ मध्ये मुंबईत एका आदिवासी रेसिडेंट डॉक्टरने आत्महत्या केली आणि जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला. तेव्हा रेसिडेन्सीतल्या सत्तेबद्दल राज्यभर बोललं गेलं. कलावरून होणाऱ्या छळाबद्दल तशी चर्चा झालेली नाही. रॅगिंगविरोधी समितीत तरुणांमध्ये काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधीला नियमानेच जागा आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी दोन दशकांपूर्वी हे काम उभं केलं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीतल्या त्या खुर्चीवर अशा संस्थेतल्या माणसाला बोलावण्यासाठी नवा कायदा लागत नाही. अधिष्ठात्यांच्या सहीचं एक पत्र पुरतं.